७२ तास

मी कॉलेजचा ग्रंथपाल, म्हणजे ज्याला मुलं येऊन 'सर, पंख्याचं बटण कुठलं?' एवढंच विचारतात, तो माणूस. २०२१ मध्ये कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा तेही विचारायला कुणी फिरकेना. दीड वर्ष घरात कोंडलेली पोरं आवारात नुसती घुटमळायची, एकमेकांशीही धड बोलत नसत. मला वाटलं, आपल्या पणज्या-खापरपणज्यांनीही असंच काहीतरी सोसलंय, हे त्यांना दाखवावं. प्लेगचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं.

"करोना कमी पडला का?" बायको म्हणाली.

मी रात्र रात्र जागून तक्ते केले. साथरोगांचा कायदा १८९७ चा, २०२० मध्ये पुन्हा तोच निघाला; हाफकिननी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तेही १८९७; सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या, तेही १८९७. मग जमिनीवर सहा-सहा फुटांवर खडूने गोल आखले, खबरदारी म्हणून तक्त्यांवर सॅनिटायझर मारला, त्याने छपाईची शाई ओघळून हाफकिनची दाढी कायद्यापर्यंत पोचली, आणि जे उरलं ते अक्षर इतकं बारीक, की गोलात उभं राहिल्यावर मोठ्या टायपातला आकडाच तेवढा दिसे.

"सर, १८९७ हा कुणाचा रोल नंबर?"

खरा दागिना होता मधल्या काचेच्या कपाटात ठेवायचा: लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची जुनी प्रत, प्लेगच्या आठवणींचं पान उघडून. पण परत आलेलं पुस्तक ७२ तास विलगीकरणात, हा आमचा कडक नियम. आणि नेमकं ते पुस्तक उद्‌घाटनाच्या सकाळी, सोमवारी, कुणीतरी परत केलेलं. शिपाईमामांनी ते निमूट खोक्यात टाकलं. असा कोण बेजबाबदार, म्हणून मी तणतणत रजिस्टर उघडलं.

सही माझी होती. तक्ते लिहायला मीच घरी नेलं होतं. नियमही माझाच.

शेवटी रिकाम्या कपाटात चिठ्ठी ठेवली: 'पुस्तक विलगीकरणात आहे.' आणि गर्दी जमली ती तिथेच! फोटो निघाले. एक मुलगी खूप वेळ उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "आमच्या आजीच्या खोलीच्या दारावर अशीच चिठ्ठी होती." शेजारचा मुलगा मास्कच्या आडून काहीतरी बोलला, आणि दोघं माझ्या गोलांतून बाहेर येऊन बोलत बसली. मी त्यांना अंतर ठेवायला सांगायचं विसरलो.

पुस्तकाचे ७२ तास गुरुवारी सकाळी भरले. प्रदर्शन बुधवारी संध्याकाळीच आवरलं होतं.