पहिल्या आंघोळीची चकली: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

1895 साली गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकाने (नाव खरंच असं होतं, हसू नका) रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी न्याहारी आणि जेवण यांच्या मधलं एक खाणं सुचवलं आणि त्याला 'ब्रंच' म्हटलं. आपल्याकडे या प्रकाराला वेगळं नाव नव्हतं, इतकंच. नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारला उटणं लावून, आंघोळ करून, कारीट फोडून सहाला फराळाला बसलेलं घर दुपारी एकपर्यंत तिथेच बसलेलं असतं. मध्ये चार वेळा चहा होतो, कुणी ना कुणी भेटायला येत राहतं, आणि जेवणाची वेळ होते तेव्हा भूक कुणालाच नसते. फरक एकच. बेरिंजरसाहेबांच्या योजनेत उशिरा उठायची सोय होती.

या फराळात नवशिक्याने कशाला हात घालावा? खरं उत्तर आहे चिवडा. पातळ पोह्यांचा चिवडा बिघडवायला मुद्दाम प्रयत्न करावे लागतात. बेसनाचा लाडू बसला तर त्याला वडी म्हणता येतं. शंकरपाळे दगड झाले तरी चहात बुडतात. चकलीला मात्र असा आडोसा नाही. ती ताटात ठेवल्याबरोबर समोरचा तिचा तुकडा मोडतो, आणि त्या आवाजावरून, किंवा आवाज न आल्यावरून, अख्ख्या खोलीला निकाल कळतो. तरीही तुम्ही चकलीच करणार, हे मला ठाऊक आहे. मीही तेच केलं होतं.

पायरी पहिली: भाजणी. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, एक वाटी पोहे, पाव वाटी धणे, दोन चमचे जिरे. यापेक्षा जास्त घेऊ नका. पहिल्याच वर्षी दोन किलोंची भाजणी करणारा माणूस धाडसी नसतो, त्याला फक्त कुणी अडवलेलं नसतं. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत कापडावर वाळवायच्या. हे कापड म्हणजे आईचं जुनं सुती लुगडंच असावं असा आमच्या घरी दंडक होता. मी बेडशीट वापरलं, भाजणीला फरक पडला नाही, पण बोलणी खावी लागली.

मग प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं. सगळं एकदम कढईत ओतायचा मोह होईल. पण पोहे दोन मिनिटांत चुरचुरीत होतात आणि हरभरा डाळीला निवांत वेळ लागतो, त्यामुळे एकत्र भाजलंत तर एकाचा कोळसा होईल आणि दुसरं कच्चं राहील. डाळ गुलाबीसर होऊन खमंग वास सुटला की थांबा. लाल झाली तर चकली तळताना काळपट होईल आणि लोक विचारतील, "नाचणीची केलीस का?" हो म्हणा. नाचणीला सध्या फार मान आहे.

पायरी दुसरी: गिरण. भाजणी पूर्ण गार झाल्यावर डबा घेऊन गिरणीत जा. तिथे तुम्हाला पहिला प्रश्न येईल, "चकलीची की थालीपिठाची?" गोंधळू नका. थालीपिठाची जरा जाडसर दळतात, चकलीची बारीक. पुढचं वाक्य मात्र तुम्ही स्वतःहून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं: "तांदळावर दळा हं." म्हणजे आधी कुणाचे तरी तांदूळ दळून झाले की मग आपली भाजणी, नाहीतर जात्यात अडकलेलं गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ आपल्या डब्यात उतरतं. या वाक्याचा खरा उपयोग पुढे सातव्या पायरीवर कळेल.

ज्यांच्या गावात गिरण नाही, म्हणजे न्यू जर्सी, मेलबर्न वगैरे, त्यांनी मिक्सरवर दळून दोनदा चाळावं, किंवा सरळ तांदळाच्या पिठात लोणी घालून चकली करावी. ती झटपट होते आणि बरी लागते. भाजणीची लागते तशी लागत नाही, पण हे तिथे कुणी बोलून दाखवत नाही.

पायरी तिसरी: आत्याला फोन. ही पायरी कुठल्याच पुस्तकात नसते. आमच्या घरी कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' होतं, 1970 साली आलेलं, वाटी-चमच्याने मापं देणारं. पण पुस्तक कपाटात आणि मापं आत्याच्या हातात, अशी वाटणी झालेली होती. आमचा पहिला संवाद मी जसाच्या तसा देतो.

"आत्या, उकडीला पाणी किती?"

"मावेल तितकं."

"पण मावतं किती?"

"ते पिठाला विचार. मला काय विचारतोस?"

"बरं, मोहन किती?"

"बेताचं."

मी वहीत लिहिलं: पाणी मावेल तितकं, मोहन बेताचं. ती वही अजून आहे.

पायरी चौथी: उकड. आत्याने न सांगितलेले आकडे असे: दोन वाट्या भाजणीला साधारण दोन वाट्या पाणी आणि तीन पोह्याचे चमचे तेल. पाण्यातच तेल, मीठ, तिखट, हळद, हिंग, ओवा आणि तीळ घालून खळखळ उकळू द्यायचं, गॅस बंद करायचा, भाजणी ओतून उलथन्याच्या दांड्याने ढवळायची आणि झाकण ठेवून निदान वीस मिनिटं विसरून जायचं. हे विसरणं महत्त्वाचं आहे. भाजणीत गहू नाही, त्यामुळे कणकेसारखा तिला स्वतःचा चिवटपणा नाही. उकळत्या पाण्याने तांदळातला स्टार्च फुगतो आणि तोच सगळ्यांना धरून ठेवतो. झाकण उघडून पुन्हापुन्हा बघत राहिलात तर वाफ जाते आणि चकली सोऱ्यातून तुकड्यातुकड्यांनी बाहेर येते.

मोहनाचं गणित याच्या उलट चालतं. तेल पिठाच्या कणांना एकमेकांना फार घट्ट धरू देत नाही, म्हणून चकली खुसखुशीत होते. कमी पडलं तर दात हलतो. जास्त झालं तर कुणीच कुणाला धरत नाही आणि चकली कढईत विरघळते. होय, विरघळते. मी पाहिलं आहे. तेलात सोडलेल्या चार चकल्या एका मिनिटात दिसेनाशा झाल्या आणि तळाशी गाळ उरला. बेत म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

उकड कोमट झाली की एका वेळी दोन मुठी घेऊन, हाताला पाणी लावून मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका, वाळतं.

पायरी पाचवी: सोऱ्या. घरात पितळी सोऱ्या असतो आणि त्याची चांदणीच्या भोकाची चकती नसते. ती कुठे जाते यावर मी पुष्कळ विचार केला आहे. शेवेच्या तिन्ही चकत्या असतात, गाठ्यांची पट्टी असते, कधीही न वापरलेली एक फुलाची चकतीसुद्धा असते. चांदणी शेजारी गेलेली असते. ती आणा. आतून तेलाचा हात फिरवा, पीठ दाबून भरा (मध्ये हवा राहिली तर चकली फट्कन तुटते), आणि कागदावर तीन वेढे घाला. शेवटचं टोक बोटाने आतल्या वेढ्याला चिकटवायला विसरू नका, नाहीतर कढईत ती उलगडते आणि तिची शेव होते. काटे नीट उभे राहिले तर पीठ जमलं. काटे फाटले तर कोमट पाण्याचा हबका मारून पुन्हा मळा.

सोऱ्याने अगदीच दगा दिला तर त्याच पिठाच्या हाताने वळ्या करून टोकं जोडा. याला कडबोळं म्हणतात, ते चकलीपेक्षा कौशल्याचं समजलं जातं आणि हल्ली फारसं कुणी करत नाही. तुमची प्रतिष्ठा अकारण वाढेल. वाढू द्या.

पायरी सहावी: तळणी. इथे सगळ्यांचं नुकसान घाईने होतं. पिठाची छोटी गोळी टाकून बघा. ती तळाला बसून राहिली तर तेल कच्चं आहे, क्षणात वर येऊन काळी पडली तर फार तापलंय, सावकाश वर आली तर ठीक. थर्मामीटरवाल्यांसाठी, 170 ते 180 अंशांच्या आसपास. चकली सोडल्यावर जो फेस येतो तो तेलाचा नव्हे, पाण्याचा: उकडीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणजे फेस आहे तोवर आत ओल आहे. मोठ्या आचेवर रंग लवकर येतो, आपण खूश होऊन चकली काढतो, आतली ओल तशीच राहते आणि रात्रीतून बाहेर येऊन सगळी चकली मऊ करून टाकते. म्हणून मध्यम आच, एकदाच उलटायची, आणि फेस जवळजवळ थांबेपर्यंत वाट बघायची.

आत्या हे कानाने करते. गेल्या वर्षी ती बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराकडे पाठ करून टीव्ही बघत बसली होती. मी झारा घेऊन कढईसमोर उभा. मालिकेतली एक बाई रडत होती, आणि त्या रडण्यामधूनच आत्या म्हणाली, "काढ आता. आवाज थांबला." मी काढली. तो घाणा उत्तम झाला. पुढचा मी डोळ्यांनी बघून काढला.

काढलेल्या चकल्या चाळणीवर उभ्या ठेवा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. गरम भरल्यात तर आत वाफ धरते आणि सकाळी झाकणाला थेंब दिसतात.

पायरी सातवी: कारणं. इतकं करूनही चकली बिघडेल. पहिली काही वर्षं बिघडतेच. कारण आधीच तयार ठेवणं हा शिक्षणाचा भाग आहे. मऊ पडली तर "हवा दमट आहे यंदा" म्हणा, हे मुंबई-ठाण्यात आणि कोकणात निर्धोक चालतं. सोलापुरात चालणार नाही. तिथे तांदूळ नवा होता म्हणा. कडक झाली तर गिरणीवाला. तुम्ही सगळ्यांसमोर "तांदळावर दळा" म्हणाला होतात, साक्षीदार आहेत, आणि त्याने नक्कीच ज्वारीवर दळलं असणार. हे एक कारण मी सलग तीन वर्षं वापरलं. त्या माणसाने प्रत्येक वेळी तांदळावरच दळलं होतं, मी उभा राहून बघितलं होतं. मोहन कमी पडत होतं. तेलकट झाली तर कारण नाही, कागदावर ठेवा आणि गप्प बसा.

मऊ चकली वाचवता येते, हे मात्र खरं. ओव्हन 150 अंशांवर ठेवून आठ-दहा मिनिटं द्या, बाहेर काढून गार होऊ द्या, कुरकुरीत होते. विरघळलेली वाचत नाही.

पायरी आठवी: पाहुणे. पहिली चकली नेहमी वयाने सर्वांत मोठ्या माणसाला द्यावी, कारण त्यांचे दात आणि तुमची चकली यांतल्या कुणामुळे आवाज झाला नाही ते कुणाला ठरवता येत नाही. अभिप्राय ऐकायला शिका. "छान झालीये" म्हणजे बरी झालीये. "वेगळी लागतेय" म्हणजे वाईट झालीये. "कुठून आणलीस?" ही सर्वोच्च पदवी, आणि ती आल्यावर विनयाने खाली बघायचं. "चिवडा छान झालाय" याचा अर्थ तुम्हीच लावा.

आत्याने माझी पहिली चकली मोडली तेव्हा आवाज झाला नव्हता. तिने तो तुकडा हळूच खाल्ला, दुसरा घेतला, म्हणाली, "चव आहे." सहाव्या वर्षी आवाज झाला. तेव्हा ती काहीच बोलली नाही, उरलेल्यांतल्या दहा मोजून स्वतःच्या पिशवीत भरल्या.

पायरी नववी: उरलेली भाजणी. कांदा, कोथिंबीर आणि गरम मोहन घालून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी थालीपीठ लावा. बारीक दळलेली असल्याने जरा चिकट होतं, पण तोवर सगळे गोडाला इतके कंटाळलेले असतात की तक्रार येत नाही.

शेवटचं, चकलीशी थेट संबंध नसलेलं. फराळाचे डबे शेजारीपाजारी जातात आणि सगळे परत येत नाहीत. आमचा एक स्टीलचा गोल डबा गेल्या दिवाळीपासून कुणाकडे तरी आहे. झाकणाला पोचा आहे, तळाशी आईचं नाव कोरलेलं आहे. तुमच्या स्वयंपाकघरात सापडला तर आणून द्या. रिकामा आणलात तरी चालेल.