मोठेबाबा कुत्रा पाहतात

"आपल्या घरी कुत्रा नाही ना जी, तोच त लोचा हाये," असं मोठेबाबा पाहुण्याला सांगत असतात तेव्हा लाडी त्यांच्या खाटेखाली झोपलेली असते, काळ्या चुलीच्या गार राखेत अंग मुरडून पडलेला असतो आणि लंगड्या सांदवाडीच्या कुंपणाशी उभा राहून दुसऱ्याच कोणाच्या बकरीवर भुंकत असतो. पाहुणा बिचारा या तिघांकडे पाहतो, मग मोठेबाबांकडे पाहतो. मोठेबाबा हात झटकतात. "हे? हे कुत्रे नाही. हे असेच हायेत."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घर एटापल्लीच्या पार टोकाला. मागे सांदवाडी, तिच्यामागे बांबूचं कुंपण आणि कुंपणानंतर जंगल. घरात राखण करण्यासारखं काय आहे म्हणाल तर चार बकऱ्या, कोंबड्या, मोहाच्या दिवसांत वाळत घातलेली फुलं आणि एक टीव्ही, जो वीज असली तर लागतो. पण "राखणीले एक जातिवंत कुत्रा पायजे" हा विषय या घरात इतकी वर्षं चालू आहे की त्या काळात माझी चुलतबहीण शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं आणि तिच्या मुलाला कुत्र्यांची भीती वाटते हेही सगळ्यांना कळलं. कुत्रा मात्र अजून ठरायचा आहे.

माणूस टपालखात्यातला. खाकी कपडा, सायकल, खांद्याला झोळी, एवढं ध्यान आडगावात शिरल्यावर कोणतं कुत्रं गप्प बसेल? पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून सायकल डोक्यावर धरून पलीकडे गेलेले मोठेबाबा पलीकडच्या काठावर कुत्र्यालाच सापडायचे. दोनदा चांगलेच चावले गेले आणि दोन्ही वेळा ती जुनी, पोटातली चौदा इंजेक्शनं घेतली. ज्यानं चौदा-चौदा घेतली त्यानं पुन्हा कुत्र्याचं नाव काढू नये, असं आपल्याला वाटेल. पण झालं उलटंच. 2004 च्या अखेरीस ती पोटातल्या इंजेक्शनांची लस देशात बंद झाली आणि 2005 साली त्यांच्याच खात्यानं कुत्र्यांची तिकिटं काढली. हिमालयन शीप डॉग, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजपालयम. मोठेबाबांनी चारही तिकिटं घेतली, कोणत्याच पत्राला लावली नाहीत आणि एका जाड वहीच्या पहिल्या पानावर डकवली. "सरकारनं छापलेला कुत्रा हाये. असातसा नाही," असं ते आजही बोट ठेवून सांगतात.

त्या वहीत जातीगणिक एक पान आहे. खानदान, उंची, रंग, खाणंपिणं, स्वभाव आणि शेवटी लाल शाईत 'दोष'. मोठेबाबा जातीला जात म्हणत नाहीत, स्थळ म्हणतात. "स्थळ चांगलं हाये, पण..." आणि त्या 'पण'पुढे लाल शाई सुरू होते. मोठीआई तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हणते, "माह्या वेळेले त एका चहात होय म्हटलं होतं तुम्ही."

पहिलं स्थळ अर्थात मुधोळचं. घोरपडे सरकारांनी वाढवलेली जात, इंग्लंडच्या राजाला नजर केलेली, 2016 साली सैन्यानं मेरठला प्रशिक्षणासाठी नेलेली. खानदानात नाव ठेवायला जागा नाही. मोठेबाबांनी बागलकोट जिल्हा नकाशात शोधला, गाडीभाडं काढलं आणि मग एका रात्री त्यांना दोष सापडला. मुधोळ हा नजरेचा कुत्रा. मोकळ्या माळावर कोसभर लांबचा ससा दिसला की तो वारा होतो. "आता तूच सांग, आपल्या इथं सागाच्या रानात वीस हातांपल्याड काय दिसते? तो पाहीन काय आणि धावन कुठं? झाडावर डोस्कं आपटून घेईन." मला हे पटलं. अडचण अशी की मोठेबाबांचं बोलणं नेहमीच पटतं. पटत नसतं तर कुत्रा केव्हाच आला असता.

राजपालयमचं पान त्याच्या रंगामुळेच फसलं. इतका पांढराशुभ्र कुत्रा आपल्या लाल मातीत शोभायचा नाही हा मोठीआईचा आक्षेप. पण त्या पांढऱ्या रंगाबरोबर काही पिल्लांत जन्मतः बहिरेपण येतं हे कळल्यावर मोठेबाबाच हादरले. "राखणदार आणि बहिरा! मंग त्याले उठवाले दुसरा कुत्रा ठेवा." लाल शाई.

परदेशी स्थळंही पाहिली, आपण मागासलेले नाही. सूरजागडची खाण सुरू झाल्यापासून इकडे पैसा आला, ट्रक आले, ठेकेदार आले, फाटकवाली घरं आली आणि फाटकांवर 'कुत्र्यापासून सावधान' आलं. अशा एका फाटकातला अल्सेशियन पाहायला मोठेबाबा मला घेऊन गेले. मे महिना होता. आमच्या जिल्ह्यात त्या दिवसांत पारा 45 च्या आसपास असतो आणि त्या जर्मन जनावराच्या अंगावर केसांचा एकाखाली एक असा दुहेरी कोट. तो मोरीत ओल्या फरशीवर चारी पाय पसरून पडला होता आणि आम्ही आत गेलो तेव्हा त्यानं फक्त एक डोळा उघडला. मोठेबाबांना राग नाही आला, गहिवरून आलं. त्यांनी नळ थोडा सोडून त्याच्या मानेवर पाणी घातलं आणि घरी येऊन लिहिलं, 'स्वभाव सज्जन. थंड हवेचा. बदली करावी.'

डॉबरमनची हकीकत त्यांना फार आवडते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या आपोल्डा गावात डॉबरमन नावाचाच एक कर वसूल करणारा माणूस होता, गावच्या कुत्र्यांचा कोंडवाडाही त्याच्याकडेच. वसुलीला जाताना बरोबर असावा म्हणून त्यानं ही जात तयार केली. "म्हणजे वसुलीवाल्याचा कुत्रा. आणि आपण कोण? सोसायटीचं कर्ज थकलेले. तो चोर सोडून आपल्यालेच चावन." रॉटवायलरचं पान काढलं आणि मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं तेवीस जातींवर बंदी घालायचं पत्र काढलं, त्यात रॉटवायलर. एप्रिलमध्ये कर्नाटकच्या उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. मोठेबाबा म्हणाले, "कोर्टकचेरीतलं स्थळ नको." लॅब्रेडॉरला पानच नाही, समासात एक ओळ आहे: 'चोराला पाणी विचारतो.'

हे सगळं वाचून हसू येतं, पण वहीतल्या काही ओळी शहरातल्या कुत्रेवाल्यांनी डोळ्यांखालून घालाव्या अशा आहेत. 'पेज आणि भात यावर राहील का?' ही त्यांची पहिली परीक्षा. दुसरी लशीची. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होच्या सुया, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, मग दरवर्षी. ती लस थंड राहिली पाहिजे, आणि आमच्या गावात वादळानंतर वीज केव्हा येईल ते वीजवाल्यांनाही माहीत नसतं. पावसाळ्यातले गोचीड वेगळेच. महागडं पिल्लू नागपूरहून खोक्यात घालून आणायचं आणि पार्व्होनं दोन दिवसांत रक्ताची हगवण लागून ते गमवायचं, हे त्यांनी शेजारी पाहिलंय. त्या पिल्लाचा खड्डा खणायला तेच गेले होते. त्याबद्दल वहीत काही लिहिलेलं नाही.

कोणाकडे पिल्लं झाली की मोठेबाबा परीक्षेला हजर. पिल्लाच्या मागे किल्ल्यांचा जुडगा टाकायचा. जे दचकून पळतं आणि पळतच राहतं ते बाद, जे पळून पुन्हा वास घ्यायला येतं ते पास. मग तोंड उघडून टाळू काळा आहे का पाहायचं, मग नखं मोजायची. कुत्र्याला साधारण अठरा नखं असतात. मागच्या पायांना जादाची दोन असली तर तो 'वीसनख्या', त्याला म्हणे वाघ घाबरतो. यावर मोठेबाबांचा विश्वास नाही. मोजतात मात्र दोनदा. एका दत्तजयंतीला तर त्यांनी पूजेतच विषय काढला. तसबिरीतल्या चार कुत्र्यांपैकी डावीकडच्याची कंबर पाहून म्हणाले, "हा त सरळ हाउंड हाये. बाकी तीन आपल्यातले." भटजींनी आरती घाईनं सुरू केली.

अशी माणसं घरोघरी असतात हो. कोणी आठ वर्षं इन्व्हर्टर पाहतो, कोणी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डॉक्टर पाहतो. त्यांना वस्तू नको असते असं नाही, पण एकदा वस्तू आली की सकाळचे नऊ ते अकरा काय करायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो.

बिबट्याचा मुद्दा निघाला तेव्हा मात्र वहीच डळमळली. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली होती. त्या बिबट्यांच्या पोटात वजनानं सर्वांत जास्त काय गेलं होतं? कुत्रा. 39 टक्के. बकऱ्या मागे राहिल्या. एका वनरक्षकानं अंगणात बसून हे सांगितलं आणि मोठेबाबा बराच वेळ खाटेखालच्या लाडीकडे पाहत राहिले. "म्हणजे आपण बकऱ्या राखाले जो ठेवतो तो त्याचा डब्बाच हाये म्हणा की."

पण हातपाय गाळणारा माणूस नव्हे. हिमालयातले गद्दी धनगर कुत्र्याच्या गळ्यात काट्यांचा लोखंडी पट्टा घालतात, बिबट्या मान धरायला गेला की त्याचंच तोंड फुटतं, हे त्यांना कुठून तरी कळलं. बैलाच्या जुन्या चामडी पट्ट्याला लोहाराकडून बोट-बोटभर खिळे मारून आणले. लोहारानं विचारलं, "कोणत्या कुत्र्यासाठी?" मोठेबाबा म्हणाले, "अजून ठरला नाही." तोवर चाचणी म्हणून पट्टा लाडीच्या गळ्यात. आता लाडीचा स्वभाव असा की जेवणाचं ताट दिसलं की ती ताटवाल्याच्या पायांना मान घासत उभी राहते. त्या दुपारी ताट मोठेबाबांचं होतं. नडगीवर चार समांतर रेघा उमटल्या, धोतराची चाळण झाली आणि सरकारी दवाखान्यात धनुर्वाताची सुई घ्यावी लागली. नर्सबाईंनी कारण विचारल्यावर ते "खिळा लागला" एवढंच म्हणाले. पट्टा हल्ली खुंटीला टांगलेला असतो, त्याला कंदील अडकवतात.

आणि या सगळ्या काळात राखण कोण करतं? ते 'असेच असलेले' तिघं. मी त्या अंगणात झोपलोय म्हणून सांगतो. माणसासाठी लाडीचं भुंकणं छातीतून, सलग. साप असला की ती तुटक भुंकते आणि एकेक पाऊल मागे सरते. मोह पडायच्या दिवसांत मोठीआई पहाटे फुलं वेचायला निघते तेव्हा काळ्या पुढे जातो, कारण त्याच फुलांवर अस्वलाचाही डोळा असतो आणि अस्वलासमोर माणूस अचानक गेला तर ते सोडत नाही. एका रात्री बिबट्या सांदवाडीत आला. तिघांपैकी एकही त्याच्या अंगावर गेला नाही. लंगड्या आणि काळ्या दारात आले, लाडी तर खाटेखालीच होती आणि तिथूनच तिनं असा गदारोळ केला की सगळी आळी बॅटऱ्या घेऊन बाहेर आली. बकऱ्यांचा कोठा वरून झाकलेला आणि दार आडण्यानं बंद, त्यामुळे तो हात हलवत गेला. अंगावर धावून जाणारं जातिवंत जनावर असतं तर सकाळी त्याचा पट्टा तेवढा मिळाला असता. या मुलखात असेही दिवस होते की रात्री कुत्रं भुंकलं तर लोक दार उघडत नसत, कूस बदलत. आता बॅटऱ्या घेऊन बाहेर येतात, हेही काही थोडं नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मोठेबाबा, झाली की राखण." ते म्हणाले, "खाटेखालून! याले राखण म्हणतेत काऊन?" पण त्या दिवशी भातावर डाळीचं वाढप जरा सढळ होतं आणि ते वाढणारा हात मोठीआईचा नव्हता. त्यानंतर तिघांना रेबीजची सुई द्यायलाही तेच घेऊन गेले, सायकलच्या मागे दोरी बांधून, रस्ताभर "चाला रे लेकहो" करत.

सल्ल्याला मात्र लांबून लोक येतात. नवीन बदलून आलेला एक तरुण इंजिनियर क्वार्टरसाठी कुत्रा विचारायला आला.

"राखण कशाची करायची जी?"

"घराची, काका."

"घरात काय हाये?"

"तसं... एक गादी, गॅस."

"रात्री राहता का घरी?"

"नाही, शनिवार-रविवार गावी जातो."

"मंग कुत्र्याले दोन दिवस कोण वाढन?"

पोरगा गप्प. मोठेबाबांनी त्याला वहीतल्या तिकिटांपासून आपोल्ड्यापर्यंत सगळं ऐकवलं, दोनदा चहा पाजला आणि शेवटी चांगलं कुलूप घ्यायला सांगितलं. जाताना लंगड्या त्याच्या मोटारसायकलीमागे फाट्यापर्यंत गेला आणि परत आलाच नाही. आता क्वार्टरवर असतो. शनिवार-रविवार जेवायला घरी येतो.

2021 साली छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात आला, तेव्हापासून वहीचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू आहे, कारण सगळे निकष बिबट्या धरून ठरवलेले होते. परवा फोन आला. रेंज असेपर्यंत ऐक म्हणाले. "तिकडं नागपुरात विचार, हत्तीसाठी कोणती जात चालते?"

मी म्हटलं, "मोठेबाबा, हत्तीला कोणताच कुत्रा चालत नाही."

मागून मोठीआईचा आवाज आला, "एवढंच हाये त हत्तीच आना म्हणा राखणीले!"

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं रेंज गेली. मग मोठेबाबा सावकाश म्हणाले, "कमलापूरले सरकारी हायेत. खातात किती, विचारून पाहतो."