वजाबाकीची बिदरी

मूलद्रव्याच्या अणूतील कण मोजणे हे शालेय रसायनशास्त्रातील सर्वांत स्वस्त गुणांचे काम असावे. अणुअंक, म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनची संख्या, तक्त्यात छापलेलाच असतो, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असल्याने इलेक्ट्रॉनही तितकेच, आणि अणुवस्तुमान पूर्णांकात आणून त्यातून अणुअंक वजा केला की उरतात ते न्यूट्रॉन, ही रीत छत्रपती संभाजीनगरच्या शिकवणीवर्गांतही निःशंकपणे चालते. तिची कसोटी पाहण्यास याच शहरात विकले जाणारे बिदरीकाम सोयीचे आहे, कारण सुमारे सोळा भाग जस्त व एक भाग तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी जडवणाऱ्या या कलेत परीक्षेची तीन मूलद्रव्ये एकाच सुरईत भेटतात.

चांदीचे अणुवस्तुमान १०७.८७ आणि अणुअंक ४७. १०८ मधून ४७ गेले, न्यूट्रॉन ६१. निसर्गातील चांदीत मात्र ६० आणि ६२ न्यूट्रॉनची दोनच समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे भिन्न वस्तुमानांचे अणू, जवळपास निम्मी-निम्मी आढळतात. एका भावाला सात नंबरची आणि दुसऱ्याला नऊ नंबरची चप्पल लागते म्हणून दोघांना आठ नंबरची आणावी, तसे हे ६१ आहेत. असा अणू प्रयोगशाळेत घडवता येतो, परंतु त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित होण्याचा काळ, अडीच मिनिटांहून कमी असल्याने कारागिराने नक्षीतले एक पान ठोकून बसवेपर्यंत त्यातील निम्म्या चांदीचे बव्हंशी कॅडमियम झालेले असेल.

बाकीच्या दोन धातूंची गत निराळी नाही. तांब्याचे ६३.५५ म्हणजे ६४ धरले की ३५ न्यूट्रॉनचा जो अणू हाती येतो, तो पावणेतेरा तासांत निम्मा होऊन निकेल व जस्त बनतो, जस्ताचे ६५.३८ म्हणजे ६५ धरले, तर तेही ३५ न्यूट्रॉनचे जस्त २४४ दिवसांत निम्मे तांबे होते. म्हणजे वजाबाकीच्या हिशोबाने घडवलेली सुरई दसऱ्याला घेतली, तर वटपौर्णिमेच्या सुमारास तिच्यातील अर्धे जस्त तांब्यात जमा झालेले असेल, आणि मधल्या काळात ती दिवाणखान्याच्या कपाटातून पाहुण्यांवर गॅमा किरण सोडत राहील.

प्रत्यक्षातील कारागिराला यातले काहीच लागत नाही. बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने मिश्रधातू काळा पडतो आणि चांदी उजळ राहते, तो सारा व्यवहार अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा. न्यूट्रॉनांना त्यात कोणी विचारीत नाही. प्रश्नातच ‘चांदी-१०७’ असे समस्थानिकाचे नाव दिले, तर वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या, मुळातच पूर्णांक असल्याने हीच वजाबाकी निर्दोष ठरते, पण तितकी दोन अक्षरे प्रश्नपत्रिकेत क्वचितच मावतात. तोवर ‘६० किंवा ६२’ असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने फेरतपासणीचे शुल्क बाजूला काढून ठेवलेले बरे.