तीन हजार ठोक्यांचा शिंपला

निवृत्त विज्ञान शिक्षकाला दोन आजार हमखास होतात : मधुमेह आणि संशोधन. पहिल्यावर गोळी मिळते. माझा दुसरा बळावला तो बेटी ट्वारॉग या अमेरिकन बाईंमुळे. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असतं हे त्यांनी 1953 साली दाखवून दिलं, आणि ते मोजायला वापरलं काय, तर शिंपल्याचं हृदय! सेरोटोनिन कणभर मिळालं तरी ते हृदय चेकाळतं, अ‍ॅसिटिलकोलिन दिलं की मंदावतं. अमेरिकेच्या शिंपल्याला जे जमतं ते आमच्या कन्हान नदीतल्या शिंपल्याला का जमू नये? विदर्भाचा अनुशेष कुठून तरी भरून काढायलाच हवा होता.

नदीवरच्या ओळखीच्या ढीवरानं शिंपले काढून दिले. "सर, भाजी करून राहिले का?"

"नाही. यांच्या हृदयातली वीज मोजतोय."

त्यानं पैसे घेतले नाहीत. मास्तरांची तब्येत बरी नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

शिंपल्याचं हृदय पाठीकडे, बिजागरीखाली असतं आणि त्याच्या जवनिकेतून आतडं आरपार जातं. आकृती बघून सौ. म्हणाल्या, "म्हणजे यांचंही सगळं पोटावरच अवलंबून!" ठोका पडायला या हृदयाला मज्जातंतूंचा हुकूम लागत नाही, लय स्नायूतच उपजते. गोगलगायी-शिंपल्यांच्या हृदयपेशीचा आतला भाग विसाव्याच्या वेळी बाहेरच्यापेक्षा साधारण 60 मिलिव्होल्टनं ऋण असतो. मग पेशीपटलातल्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, स्नायू आकसतो. पुढे पोटॅशियमच्या वाहिन्या उघडून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पूर्वपदावर येते. तळ्यातल्या गोगलगायीच्या हृदयात तर नुसतं ताणलं तरी उघडणाऱ्या पोटॅशियम वाहिन्या 1980च्या दशकात सापडल्या.

इतकं पाठ झाल्यावर कोण थांबतो? खऱ्या प्रयोगशाळेत बिजागरीजवळ बारीक छिद्रं पाडून तारा बसवतात. माझा धीर झाला नाही. लोखंडी घमेल्यात पाणी, पाण्यात शिंपला, बिजागरीला चिकटवलेल्या दोन तारा, पुढे ऑनलाइन मागवलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि नातवाचा लॅपटॉप. पडद्यावर लाटा उमटल्या! सुबक, एकसारख्या, सेकंदाला बरोबर 50. म्हणजे मिनिटाला 3000 ठोके. गुंजन पक्षीसुद्धा हजार-बाराशेच्या पुढे फारसा जात नाही. मी नागपूरच्या दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन केले आणि शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं.

तेवढ्यात पंखा दुरुस्त करायला वायरमन आला. पडद्याकडे बघून म्हणाला, "सर, हे तं लाईन होय. पन्नास सायकल. आन् घमेलं अँटिना बनून राहिलं."

आमच्या गावचं, मौद्याचं, औष्णिक वीज केंद्र 2320 मेगावॉटचं. त्या गावात घरातल्या प्रत्येक भिंतीत 230 व्होल्ट खेळत असताना मी 60 मिलिव्होल्ट शोधत होतो, म्हणजे सुमारे चार हजारावा भाग. तोही पेशीच्या आत-बाहेरचा फरक. बाहेर पाण्यात त्यातला नगण्य अंश पोचतो. लग्नाच्या डीजेपुढे उभं राहून मुंगीचं ऐकण्यातला हा प्रकार.

शिंपल्यानं तर सुरुवातीपासूनच झाकण घट्ट मिटून घेतलं होतं. मिटलेल्या शिंपल्याचे ठोके आणखी मंदावतात. उघडा असतानाही ते मिनिटाला जेमतेम दहा-वीस. तीन हजारांच्या घरात त्या दिवशी फक्त माझेच गेले असतील. संध्याकाळी सगळे शिंपले कन्हानमध्ये सोडले. ढीवर लांबून बघत होता.

हौशी संशोधकांना एवढंच सांगणं : घमेलं प्लास्टिकचं घ्या, अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर चालवा, भोवती तारेच्या जाळीचा पिंजरा करून तो अर्थ करा. आणि शोध लागलाच, तर कोणाला फोन करण्याआधी घरचा मेन स्विच एकदा बंद करून बघा.