तो मी खरंच नव्हे

माझं नाव संजय पाटील ठेवताना आईवडिलांनी फार डोकं चालवलं असेल असं वाटत नाही. आमच्या खानापूर तालुक्यात त्या काळी मुलगा झाला की तो संजय व्हायचा, नाहीतर राजू. आणि राजूलाही शाळेत घालताना गुरुजी संजय करून टाकायचे. आडनावाबद्दल तर बोलायलाच नको.

वडील गलाईच्या धंद्यात दिल्लीच्या करोल बागेत आले. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात घालून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं, हा उद्योग करणारी सांगलीकडची कितीतरी घरं इथे आहेत. ती येताना आपापले संजयही घेऊन आली. बिडनपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणी ‘ए संजा’ म्हणून हाक मारली की वेगवेगळ्या मजल्यांवरून माना बाहेर येतात. पण त्याचा त्रास कधीच झाला नाही. एक आटपाडीचा संजा, एक जाडा संजा, एक उधारीवाला संजा. मी चष्म्याचा. पोस्टमनलासुद्धा हे पाठ होतं.

मग सगळे सरकारी कागद कॉम्प्युटरवर आले, आणि कॉम्प्युटरला चष्मा दिसत नाही.

दुकानासाठी कर्ज हवं म्हणून मी एका बँकेत गेलो होतो. मुलाच्या वयाचे साहेब स्क्रीनकडे बघून हळहळले. “पाटील जी, आपके ऊपर तो चेक बाउंस का केस चल रहा है।” मी म्हटलं, तो मी नाही. ते म्हणाले, “नाम तो आपका ही है।” यावर काय बोलणार? नाव माझंच होतं.

घरी येऊन मी स्वतः ई-कोर्टची साइट उघडली. तिथे पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो. नावाची तीन अक्षरं टाकली तरी चालतं, म्हणजे आमच्यासारख्यांना किती मोकळं रान! कुठे कलम 138 खाली चेक न वटलेला संजय, कुठे भाडेकरू संजय, कुठे त्याला बाहेर काढू पाहणारा घरमालक संजय. महाभारतातला संजय एका जागी बसून दुसऱ्यांचं युद्ध बघत होता. मी बसल्या जागी सगळ्या संजयांची युद्धं बघत होतो, आणि धृतराष्ट्र बँकेत होता.

त्यात दिल्लीकर पाटीलला सर्रास पटेल म्हणतात, तसंच लिहितातही. त्यामुळे माझ्या नावावर अख्खा गुजरातही चढतो. पॅनकार्डाचा आधार घ्यावा, तर त्यातलं चौथं अक्षर ‘पी’, म्हणजे हा जिवंत माणूस आहे, कंपनी नव्हे. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. तेही ‘पी’. पटेलांचंही ‘पी’च. उरलेली अक्षरं वेगळी असतात हे मान्य, पण खटल्यांच्या यादीत पॅन छापत नाहीत. खटल्याला मात्र स्वतःचा सोळा अक्षरांचा नंबर असतो. आमच्या शोकेसमधल्या बांगडीलाही 2021 पासून हॉलमार्कबरोबर सहा अक्षरांची स्वतंत्र ओळख मिळायला लागली. दोन बांगड्या एका साच्यातल्या असल्या तरी सरकार त्यांची गल्लत होऊ देत नाही. बांगडीवाल्याचं काय ते बांगडीवाल्याने बघावं.

आपल्या पूर्वजांनी यावर सोपा उपाय काढला होता. मध्ये बापाचं नाव घाला. बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव, बाळाजी जनार्दन. पेशवाईचा कारभार या तिघाही बाळाजींनी चालवला, पण एकाचं पत्र दुसऱ्याच्या माथी मारलं गेलं नाही. दिल्लीत मात्र बापाला नावातून उचलून खालच्या वेगळ्या चौकटीत बसवतात, आणि शोधताना त्या चौकटीकडे कुणी ढुंकून बघत नाही.

निवडणुकीत या गोंधळाची किंमत आकड्यांत कळते. 2014 साली रायगडमध्ये सुनील तटकरे अनंत गीतेंकडून 2,110 मतांनी हरले. त्याच मतपत्रिकेवर दुसरे एक सुनील तटकरे होते. त्यांना 9,849 मतं पडली. पुढच्या वर्षी निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो छापायचं ठरवलं. 2024 मध्ये नामसाधर्म्याचे उमेदवार रोखा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा आईबापांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाला निवडणूक लढवण्यापासून अडवणार कसं, असं न्यायालयाने विचारलं. मला ते फार पटलं. संजय पाटील तर लोकसभेतही दोन निवडून गेले, एक सांगलीचे आणि एक ईशान्य मुंबईचे. गावाकडचे काही पाहुणे अजून मला खासदारांचा कोटा मागतात.

“तुम्ही तो नाही हे सिद्ध करा,” असं बँकेने सांगितलं. मी कोर्टाच्या आवारात टायपिस्टकडे गेलो. त्याच्याकडे दोन वेगवेगळ्या नावांचा माणूस एकच आहे, या प्रतिज्ञापत्राचा तयार मसुदा होता. रोज ढिगाने खपतो. एकाच नावाची माणसं दोन आहेत, असा मसुदा मात्र त्याने कधी केलेला नव्हता. अत्र्यांच्या नाटकातला लखोबा लोखंडे एकटा पाच नावांनी वावरला आणि कोर्टात ‘तो मी नव्हेच’ म्हणत राहिला. त्या नाटकाचा पहिला प्रयोग 1962 साली याच दिल्लीत झाला. म्हणजे लखोबाची सोय या शहरात साठ वर्षांपासून आहे, माझीच नाही. टायपिस्टने बराच विचार करून जुन्या मसुद्यात एक ‘नहीं’ घुसवला आणि मोठ्याने वाचून दाखवलं: “मैं, संजय पाटील, शपथपूर्वक कहता हूँ कि मैं संजय पाटील नहीं हूँ।” मी म्हटलं, वडिलांचं नाव घाल रे बाबा. तो म्हणाला, उसका एक्स्ट्रा लगेगा.

नंबरांवर विसंबावं, तर तेही कठीण. 2025 च्या मार्चमध्ये निवडणूक आयोगानेच सांगितलं की काही ठिकाणी वेगवेगळ्या राज्यांतल्या मतदारांना एकच ओळखपत्र क्रमांक गेला आहे, पण म्हणून ते मतदार खोटे नाहीत. आता नंबरांनाही नामबंधू!

महाराष्ट्र सरकारने 2024 पासून नवा नियम आणलाय. मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. मला हा नियम बेहद्द आवडला. नातवाच्या बारशाला मी तोच आग्रह धरला. सून म्हणाली, “बाबा, एवढं लांब नाव इथल्या फॉर्मात मावायचं नाही. त्यापेक्षा आपण असं नाव ठेवू की जगात दुसरं नसेल.” तिने महिनाभर मोबाइलवर शोध घेऊन रेयांश काढलं. मी लगेच ते ई-कोर्टात टाकून बघितलं. रेयांशवर एकही केस नव्हती.

यंदा तो नर्सरीत जायला लागला. वर्गात तीन रेयांश आहेत. मॅडमनी त्यांना ए, बी, सी लावून टाकलंय. आमचा सी.