ताशी वीस मैलांचं तारुण्य

फ्लोरिडा राज्यात तुम्ही ऐंशी ओलांडलीत की मोटारीचा परवाना आठऐवजी दर सहा वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी डोळ्यांची परीक्षा द्यावी लागते. तिथल्या सरकारला म्हाताऱ्यांची फार काळजी आहे, असा यावरून तुमचा समज होईल. होऊ द्या. पण या परीक्षेत नापास झालेल्या माणसाने हातपाय गाळून घरी बसायचं कारण नाही. बाहेर गोल्फ कार्ट उभी असते. जिथे जिथे कार्टला रस्त्यावर यायची मुभा आहे, तिथे ती चालवायला अठरा वर्षांवरच्या माणसाला परवाना लागत नाही. सरकारने दिलेलं, फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं. म्हणजे मोटारीसाठी डोळे बघतात आणि कार्टसाठी चेहरा. आपण कोण आहोत हे सिद्ध झालं की झालं. समोरून कोण येतंय ते दिसलंच पाहिजे, असा हट्ट नाही.

या सोयीचा सर्वांत थाटात उपभोग घेणारं गाव म्हणजे मध्य फ्लोरिडातलं ‘द व्हिलेजेस’. गाव म्हणायचं ते आपलं नावापुरतं. तीन काउंट्यांत पसरलेली ही जगातली सर्वांत मोठ्यांपैकी एक निवृत्तांची वसाहत आहे, आणि 2010 ते 2020 या दशकात अमेरिकेतला सर्वांत वेगाने वाढलेला महानगर विभाग हाच होता. लोकसंख्या जवळजवळ 39 टक्क्यांनी वाढली. इथली वाढ जन्मदरामुळे झाली नसावी, हा आपला माझा अंदाज. घरात किमान एक जण पंचावन्न पार केलेला हवा, हा नियम. गोल्फची छोटी मैदानं रहिवाशांना फुकट. अर्थात दरमहा सुविधाशुल्क भरल्यावर जितकं फुकट म्हणता येईल तितकं. मोटारीच्या गॅरेजशेजारी कार्टसाठी वेगळा चिमुकला दरवाजा असलेली घरं आहेत. शंभर मैलांहून अधिक लांबीचे कार्टमार्ग आहेत. कार्टसाठी रस्त्यांखालून बोगदे आणि महामार्गावरून पूल आहेत. एवढी बडदास्त आपल्याकडे फक्त मंत्र्यांच्या ताफ्याची ठेवतात.

कार्टही साधी नसते. कोणी तिला जुन्या शेवरोलेचं रूप देतं, कोणी अग्निशामक बंबाचं. 2005 मध्ये या गावाने 3,321 कार्टची मिरवणूक काढून गिनेस बुकात नाव नोंदवलं. त्या दिवशी वेगाची तक्रार करायला कोणाला वाव मिळाला नसणार, कारण पुढच्या 3,320 जणांना ओलांडून जाणं शक्य नव्हतं. बाकीच्या दिवशी शक्य असतं, आणि दुखणं तिथेच आहे.

आता जरा आकडे मांडू. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार गोल्फ कार्ट म्हणजे ताशी वीस मैलांच्या वर जाऊ न शकणारी गाडी. वीस मैल म्हणजे बत्तीस किलोमीटर. वीसच्या वर आणि पंचविसापर्यंत जाणारी गाडी असेल, तर तिचं गोत्रच बदलतं. तिला ‘लो स्पीड व्हेइकल’ म्हणायचं. मग तिला नोंदणी हवी, नंबरप्लेट हवी, विमा हवा, सीटबेल्ट हवा, आणि चालवणाऱ्याकडे खराखुरा परवाना हवा. साध्या कार्टला यातलं काही लागत नाही. सगळा फरक पाच मैलांचा. पण कार्टला कारखान्यात घातलेला वेगाचा लगाम सैल करता येतो. पेट्रोलच्या कार्टमध्ये गव्हर्नरची स्प्रिंग असते, विजेवरच्या कार्टमध्ये कंट्रोलर असतो, आणि निवृत्त माणसाकडे पाना, वेळ आणि सल्ला देणारा शेजारी या तिन्ही गोष्टी भरपूर असतात. मग कार्ट पंचविसाने धावते, कधी त्याहून जास्त, आणि कागदावर वीसचीच राहते. म्हणजे ज्याने इमानदारीने पंचवीस मैलांची गाडी घेतली, तो विम्याचे हप्ते भरतो, पट्टा बांधतो, नंबरप्लेट मिरवतो. आणि ज्याने स्प्रिंग पिळली, तो त्याच वेगाने, विनापट्टा, विनाविमा, त्याला हात करून पुढे जातो. कायदा पाळणाऱ्याच्या खिशाला कात्री लावण्याची कला भारतातच अवगत आहे, असा आपला गैरसमज होता. तो दूर झाला.

बरं, या पाच मैलांनी मिळतं काय? पाच मैलांवर नाटकाची तालीम आहे असं धरू. विसाने गेलात तर पंधरा मिनिटं, पंचविसाने गेलात तर बारा. वाचली तीन मिनिटं. चाळीस वर्षं नोकरी केली, घड्याळाकडे बघत लोकल पकडली किंवा हायवेवर रखडलो, आता आयुष्यात एकच गोष्ट मुबलक राहिली ती म्हणजे वेळ. आणि त्या वेळातली तीन मिनिटं वाचवण्यासाठी माणूस जीव पणाला लावतो. वाचलेल्या तीन मिनिटांचं तो पुढे काय करतो, तर पार्किंगमध्ये उभा राहून आपली कार्ट किती पळते ते दुसऱ्याला सांगतो. त्यात वीस मिनिटं जातात. पदार्थविज्ञान मात्र निवृत्त झालेलं नाही. वेग सव्वापट झाला की धडकेतली ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, आणि ती शोषून घ्यायला या गाडीत आहे काय? दार नाही. एअरबॅग नाही. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना. गाडी उंच आणि अरुंद. वळण जोरात घेतलं की ती कलते. चालवणाऱ्याच्या हातात निदान स्टिअरिंग असतं. शेजारी बसलेल्या बाईच्या हातात असतो केकचा डबा. गाडी झपकन डावीकडे वळली की बाई उजवीकडे, म्हणजे बाहेर. मागच्या बाजूला तोंड करून बसवणारं आसन असेल, तर तिथल्या पाहुण्याला काय होणार हे झाल्यावरच कळतं. त्याला फक्त आपण कुठून आलो ते दिसत असतं.

तरी पट्टा कोणी बांधत नाही. काही कार्टना पट्टा असतो, काहींना नसतो, आणि असलेला आसनाच्या फटीत मुरून बसलेला असतो. याचं कारण आळस असेल असं मला वाटत नाही. हे गाव जमिनीपेक्षा एक वचन विकतं: इथे म्हातारपण येत नाही. संध्याकाळी चौकात बँड वाजतो, लोक नाचतात, सकाळी पिकलबॉल, दुपारी पोहणं. हे वचन विकत घेतलेल्या माणसाने सीटबेल्ट लावला तर त्याचा अर्थ काय होतो? आपलं हाड मोडू शकतं हे मान्य केलं, असा होतो. घरचे पैसे खर्चून हजार मैलांवरून इथे आलो ते हे मान्य करायला? वेगमर्यादेची पाटी, डोळ्यांचा डॉक्टर, कमरेचा पट्टा, हे सगळे एकच वाक्य बोलतात, आणि ते वाक्य ऐकायला लागू नये म्हणून तर घर विकून इकडे यायचं असतं. त्यामुळे सुरक्षेच्या बाबतीत मत एकमुखी आहे: ती अत्यंत गरजेची आहे, शेजाऱ्याला.

मग बेफाम चालवतं कोण? विचारून बघा. नातवंडं. फ्लोरिडात पूर्वी चौदाव्या वर्षी कार्ट चालवता येत असे. 2023 मध्ये कायदा बदलला. आता अठराच्या आतल्या मुलाकडे परवाना किंवा शिकाऊ परवाना हवा. तरुणांच्या बाजूने दार छान कडी घालून बंद झालं, आणि ज्येष्ठांच्या बाजूने तेच ते फोटोचं ओळखपत्र. न्याय बघा. सोळा वर्षांच्या पोराने परीक्षा द्यायची आणि शहाऐंशीच्या आजोबांनी फोटो दाखवायचा. पोराच्या प्रतिक्षिप्त क्रिया कच्च्या नसतात, अक्कल कच्ची असते. आजोबांचं उलट. कायद्याने अक्कल तपासायची ठरवली आणि पाय ब्रेकपर्यंत किती वेळात पोचतो हे विचारणं असभ्यपणाचं मानलं.

शिवाय गावाच्या नियमात एक गंमत आहे. एकोणीस वर्षांच्या आतल्या कोणाला इथे कायमचं राहता येत नाही. पाहुणा म्हणून वर्षाला जास्तीत जास्त तीस दिवस. म्हणजे एखादं द्वाड नातवंड तीस दिवस कार्ट उडवत असेलही. उरलेले 335 दिवस ती कोण उडवतं, हा प्रश्न गावच्या कुठल्याही सभेत सहसा विचारला जात नाही. नातवंडाला मत नसतं.

बोगद्यांचं वेगळं सांगायला हवं. फ्लोरिडाचं ऊन म्हणजे डोळ्यांत खुपणारं. काळा चष्मा लावून तुम्ही पंचविसाने येता आणि एकदम रस्त्याखालच्या बोगद्यात शिरता. वय वाढलं की डोळ्याला अंधाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो, आणि सेकंदाला अकरा मीटर या हिशोबाने ते दोन-तीन सेकंद तुम्ही जवळजवळ स्मरणशक्तीच्या भरवशावर गाडी चालवता. समोरून दुसरी कार्ट येते. तीही स्मरणशक्तीवर. मध्ये कुत्रा फिरवणारे गृहस्थ असतात, सायकलवाल्या बाई असतात, कारण मार्ग सगळ्यांचा आहे. चालणारे, धावणारे, सायकलवाले आणि कार्टवाले एकाच डांबरी पट्ट्यावर गुण्यागोविंदाने नांदतील अशी आखणारांची कल्पना. ती कागदावर सुंदर दिसते. कागदावर कोणी काळा चष्मा लावत नाही.

संध्याकाळच्या बँडनंतरचा प्रवास हा आणखी एक अध्याय. चौकात एकावर एक पेला मिळतो. ‘मोटार कुठे चालवतोय, कार्टच तर आहे,’ हे वाक्य त्यानंतर सुचतं. फ्लोरिडाचा कायदा इथे मात्र डोळे उघडे ठेवतो: दारू पिऊन कार्ट चालवली तरी तो दारू पिऊन गाडी चालवण्याचाच गुन्हा. पोलिसाने थांबवल्यावर बहुतेकांकडे फोटोचं ओळखपत्र असतं, हा त्यातला दिलासा.

यात आपल्या माणसांचा संबंध काय, असं विचाराल. आहे ना. त्या तीन काउंट्यांपैकीच एक असलेल्या लेक काउंटीत, टाव्हरेस गावी, ‘शांतिनिकेतन’ नावाची खास भारतीय निवृत्तांची वसाहत आहे. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेलेली पिढी आता फ्लोरिडाच्या उन्हात गुडघे शेकते आहे. त्यांच्याकडे, किंवा असल्याच कुठल्याशा वसाहतीतल्या थोरल्या भावाकडे, पुण्या-नाशकाहून पाहुणे येतात. पाहुण्या आजोबांनी आयुष्यभर बजाजच्या स्कूटरवर अख्खं कुटुंब वाहिलेलं असतं: पुढे एक उभं, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटं, आणि पायाशी गॅसचं सिलिंडर. अमेरिकेत मुलगा त्यांना मोटारीच्या चालकाच्या जागेजवळसुद्धा फिरकू देत नाही. कार्ट दिसल्यावर आजोबांच्या डोळ्यांत पाणी येतं. ओळखपत्र? पासपोर्ट आहे की, सरकारनेच दिलेला, फोटोसकट. कोणत्या सरकारने, हे त्यांच्या मते कायद्याने विचारलेलं नाही. आजी मागे बसते, पदर खोचते आणि दोन्ही हातांनी दांडा धरते. ‘अहो, जरा हळू,’ एवढंच ती म्हणते. चाळीस वर्षं म्हणतेय. आजोबांना ते इंजिनाच्या आवाजासारखं वाटतं. थांबलं तरच लक्ष जातं.

अशा ठिकाणी पाट्या लावून भागत नाही. प्रबोधनही करून पाहतात. कार्ट चालवण्याचे वर्ग असतात, आणि वर्गाला नेमके तेच लोक येतात जे आधीच पंधराने चालवतात. मला विचाराल तर उलट्या अंगाने जावं. सीटबेल्टवर लिहावं, ‘फक्त पंचावन्नच्या आतील व्यक्तींसाठी’. आठवड्याभरात एकही पट्टा मोकळा सापडणार नाही. वेगमर्यादेच्या पाटीवर आकड्याऐवजी लिहावं, ‘वीसच्या वर जाणाऱ्यांना काठी, वॉकर व व्हीलचेअरच्या खरेदीवर खास सवलत’. बोगद्याच्या तोंडाशी एकच पाटी पुरे: ‘काळा चष्मा काढलेले लोक तरुण दिसतात’.

आणि एक कायमचा उपाय. मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी जादा ब्रेक असतो, तसा प्रत्येक कार्टमध्ये शेजारच्या आसनाखाली बसवावा. कोणतीही परीक्षा नको, विमा नको, पोलीस नको. नियंत्रण थेट त्या बाईच्या पायाखाली, जिला समोरचा खड्डा नवऱ्याच्या आधी दिसतो आणि केकची काळजी असते. या सुधारणेला विरोध होईल हे उघड आहे. पुरुष म्हणतील, गाडी चालणारच नाही. गॅरेजवाले मात्र मनापासून पाठिंबा देतील. महिन्याला ब्रेकचे लायनर बदलायला लागतील.