थीमवाले

बाकीचे लोक सिनेमा बघायला जातात, थीमवाले ऐकायला. त्यांना ओळखणं सोपं आहे. शेवटच्या पाट्या सुरू झाल्या की सगळं थिएटर पार्किंगकडे पळतं, हे मात्र खुर्चीत ठाण मांडून. झाडूवाला पायाशी येऊन उभा राहिला तर त्यालाही एक बोट वर करून थोपवतात. "थांब रे, अजून हॉर्न यायचाय."

पडद्यावरच्या घडामोडींशी त्यांना फारसं कर्तव्य नसतं. 'स्टार वॉर्स'मध्ये ल्यूक मावळणाऱ्या दोन सूर्यांकडे बघत उभा राहतो, तेव्हा यांचे डोळे मिटलेले. एकट्या फ्रेंच हॉर्ननं सुरावट उचलली की यांचं कोपर आपल्या बरगडीत. "फोर्स थीम!" तीच सुरावट व्हायोलिनांच्या ताफ्यानं घेतली की पुन्हा कोपर, आता जरा वरच्या बरगडीत.

सोसायटीच्या कट्ट्यावर त्यांची एक पैज ठरलेली. १९७७च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मध्ये डार्थ व्हेडरचं ते सुप्रसिद्ध मार्च कुठे वाजतं, सांगा. नवखा माणूस हमखास फसतो. ते त्यात नाहीच! जॉन विल्यम्सनी ते १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'साठी रचलं. या एका माहितीवर थीमवाल्यांनी आजवर किती कटिंग प्यायले असतील, देव जाणे.

'जॉज'वर तर त्यांचं कीर्तनच असतं. शार्क बराच वेळ दिसत नाही, नुसते दोन स्वर दिसतात (हो, ते 'दिसतात'च म्हणतात). स्वरांची लय वाढली की समजायचं, मासा जवळ आला. आणि दोन पोरं पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवतात, तिथे संगीत गप्प! "विल्यम्ससाहेब खोटं बोलत नाहीत," असं म्हणून ते आपल्याकडे असे बघतात, जणू आपण बोलतो. घरी धाकट्यानं पानात कारलं टाकलं की यांची बोटं टेबलावर ते दोन स्वर वाजवू लागतात. आधी सावकाश, मग भराभर. कारलं संपतं.

माणूस वैताग आणतो, पण त्याचे कान पक्के आहेत. पुठ्ठ्याच्या पराची गोष्ट ऐकल्यावर मी 'जॉज' पुन्हा पाहिला. खरंच गप्प आहे संगीत. तेव्हा असा कुणी ओळखीत असेल तर त्याच्याबरोबर एक तरी सिनेमा जरूर पाहा. फक्त तिकीट त्याच्या मागच्या रांगेतलं काढा. कोपर तिथवर पोचत नाही.